पलीकडे

बाबा विचारतात, पलीकडे म्हणजे कुठून?
चौतीस वर्षं साखळी ओढत
तासगाव तालुक्यातली शेतं मोजली त्यांनी.
हद्दीचा दगड दाखवल्याशिवाय
कुठल्याच नावावर विश्वास नाही.
बेदाण्यांचं पार्सल शिवून बसलेत,
पेन उघडं,
आणि सिनसिनाटीच्या अलीकडे
एकच शब्द अडलाय:
ओव्हर-द-ऱ्हाइन.

ऱ्हाइनच्या पलीकडे, मी सांगते.
ऱ्हाइन जर्मनीत ना?
हो, पण इथे एक कालवा होता, बाबा.
गढूळ. खेचरं काठाने चालत होड्या ओढायची.
उत्तरेला जर्मन राहायचे,
आणि दक्षिणेचे लोक संध्याकाळी बिअरला निघाले की
म्हणायचे, चला, ऱ्हाइन ओलांडून येऊ.
थट्टाच ती.
चिकटली.

बाबा बराच वेळ गप्प.
मग: आणि उत्तरेचे काय म्हणायचे?

हे मीही कुणाला विचारलं नव्हतं.

खाली मिस अर्नेस्टीन गॅडिस राहतात.
वेस्ट एन्डमधलं घर हमरस्त्याखाली गेलं तेव्हा
आईबरोबर एक गादी नि शिवणयंत्र घेऊन
याच जिन्याने वर आल्या होत्या.
आता गुडघ्यांमुळे तळमजला.
म्हणाल्या, तेही तेच म्हणायचे, बाळा.
आम्हीही तेच म्हणतो.

म्हणजे आपल्याच उंबऱ्यात उभं राहून
स्वतःला पलीकडचे म्हणणारी माणसं.
पहिल्या महायुद्धात पाट्यांवरचं जर्मन पुसलं,
ब्रेमेन स्ट्रीटची रिपब्लिक स्ट्रीट झाली,
ऱ्हाइन तेवढी राहिली.
ती पाटीवर कुठे होती,
ती तर जिभेवर.

आता कोपऱ्यावरच्या कॉफीच्या कपावर
तीनच अक्षरं असतात: ओ टी आर.
घर विकणारा पोरगाही तेवढंच म्हणतो,
दाताखाली चटकन तोडल्यासारखं.
मिस अर्नेस्टीन कप फिरवून भिंतीकडे करतात.
टोपणनाव, त्या म्हणतात,
ज्याने रात्री उशाशी बसून ताप उतरवला
त्याने ठेवावं.

माझी पंचाईत वेगळी.
मिरजेत, साताऱ्यात, लंडनमध्येसुद्धा,
पण पलीकडेत?
मी ओव्हर-द-ऱ्हाइनमध्ये राहते म्हटलं
की शाळेतल्या चितळकर बाई
चष्म्यावरून बघतात:
पलीकडेच्या आत
कशी गं राहतेस?

राहते, बाई.
कालवा आटवला, त्याच्या तळाशी
भुयारी रेल्वेचे बोगदे बांधले,
त्यांतून एकही उतारू गेला नाही.
वर रुंद रस्ता.
रोज सकाळी फार्मसीत जाताना
हिरवा माणूस पेटला की मी ओलांडते
बारा सेकंदांची
कोरडी नदी.
परतताना हातात दूध असतं.

बाबांना एवढं कुठलं सांगणार.
ते म्हणाले, लिहितो, पण मोजणी कुठून धरू?
तुमच्यापासून धरा, मी म्हटलं.
फोनवर पेनाची खरखर ऐकू आली,
बराच वेळ.

एकोणीस दिवसांनी पार्सल आलं.
इंग्रजी पत्ता बरोबर, व्हाइन स्ट्रीटसकट
(व्हाइन म्हणजे वेल हे कळल्यावर
बेदाणे योग्य घरी चाललेत म्हणाले होते).
खाली, पोस्टाला काही गरज नसताना,
नकाशावरच्या त्या तिरक्या अक्षरात:
ऱ्हाइनपलीकडे.
आणि शेजारी छोटासा त्रिकोण,
हद्द कायम केल्याची खूण.

अर्धे बेदाणे खाली नेले.
मिस अर्नेस्टीननी कापडावर बोट ठेवून विचारलं,
हे वळणावळणाचं काय आहे?
मी वाचलं. त्यांनीही म्हणून पाहिलं,
पाली, काडे,
एक बेदाणा गालात ठेवून.

म्हणजे इथेच ना?

हो, म्हटलं. इथेच.